इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करायला शिकताना किती काळ लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे अंदाज आठवड्याला सात-आठ तास नियमित बसणाऱ्यासाठी आहेत. वेळ कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा. फक्त कानाच्या बाबतीत तसं करू नका; त्याचं कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१. गोल गोल नको, थेट सांगा. किती वर्षं?

तीन ते सहा महिन्यांत सॉफ्टवेअर हाताखाली येतं आणि बीट, बेस, एखादी धून जुळवता येते. साधारण वर्षभरात सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण झालेला, ऐकवताना लाज वाटणार नाही असा ट्रॅक होतो. दोन ते तीन वर्षांत मित्रांना तुमच्या ट्रॅकमध्ये आणि बाहेरच्या (बाजारात आलेल्या) ट्रॅकमध्ये फरक सांगता येत नाही, पण तुम्हाला आणि क्लबमधल्या डीजेला येतो. तो फरकही जायला चार ते सहा वर्षं धरा.

पहिले दोन टप्पे जवळपास सगळेच गाठतात. बहुतेक जण अडकतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. तासांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. पूर्ण केलेले ट्रॅक किती आहेत, यावर ते ठरतं. तीन वर्षांत ४० ट्रॅक पूर्ण करणारा आणि तेवढ्याच काळात ३०० अर्धवट प्रोजेक्ट साठवणारा, यांच्यात पहिला खूप पुढे असतो. दुसऱ्याने मांडणी, मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांशी जुळवणं) आणि शेवट या गोष्टींचा सराव केलेलाच नसतो.

२. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

कानात. सॉफ्टवेअरची बटणं महिन्याभरात पाठ होतात. कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन. त्यात थ्रेशोल्ड (दाबणं कुठे सुरू होतं), रेशो (किती दाबायचं), ॲटॅक (किती लवकर दाबायचं) आणि रिलीज (किती वेळात सोडायचं) काय करतात, हे एका संध्याकाळी वाचून समजतं. पण ॲटॅक ५ मिलिसेकंदांवरून ३० वर नेला की स्नेअर ड्रमचा टोला पुढे येतो, हे न बघता ऐकू यायला सहा-आठ महिने लागतात. ३०० हर्ट्झजवळचा गढूळपणा ओळखणं, रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखी गुंज) गरजेपेक्षा लांब झालाय हे कळणं, ही कौशल्यं झोप आणि दिवस मध्ये गेल्याशिवाय पक्की होत नाहीत. म्हणून नोकरी सोडून दिवसाला दहा तास बसलात तरी पाच वर्षांचं काम एका वर्षात उरकत नाही.

त्यासाठी एक साधा सराव. ईक्यूचा (ठरावीक कंप्रतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाचा) एक अरुंद पट्टा ८ डेसिबलने वर उचला, ओळखीच्या गाण्यावर हळूहळू फिरवा आणि प्रत्येक जागी आवाज कसा बदलतो ते ऐका. मग दुसऱ्याला पट्टा कुठेतरी ठेवायला सांगा आणि डोळे मिटून आकडा ओळखा. रोज दहा मिनिटं, कमी आवाजात.

३. १०,००० तासांचा नियम इथेही लागू होतो का?

दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, असा नियमच नाही. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी १०,००० तासांच्या पुढे गेला होता. ती सरासरी होती, उंबरठा नव्हता. आणि तास मोजले होते ते एकट्याने केलेल्या, ठरवून केलेल्या सरावाचे. रोज एक तास धरला तर १०,००० तासांना २७ वर्षं लागतील. चांगला ट्रॅक करायला एवढं थांबावं लागत नाही.

४. रोज किती वेळ बसावं?

आठवड्यातून पाच दिवस, ४५ ते ९० मिनिटं. फक्त रविवारी आठ तास बसलात तर पहिला तास मागचं आठवण्यात जातो आणि शेवटचे तीन थकलेल्या कानांनी.

नवीन काही रचणं आणि मिक्स करणं वेगळ्या दिवशी ठेवा. दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटं उठा. आवाज ८५ डेसिबलच्या आसपास असेल तर दिवसाला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल एवढ्यावर काम केलंत तर मिक्ससुद्धा जास्त अचूक होतो, कारण मोठ्या आवाजात बेस आणि ट्रेबल मुळात आहेत त्यापेक्षा भरगच्च वाटतात.

५. कोणतं सॉफ्टवेअर घेतलं तर लवकर येईल?

जे तुमच्या ओळखीचा माणूस वापरतो ते. अडलं की विचारायला कोणीतरी असणं हे कोणत्याही फीचरपेक्षा मोलाचं आहे. तसं कोणी नसेल तर एफएल स्टुडिओ आणि एबलटन लाइव्ह या दोहोंपैकी एक निवडा. मॅक असेल तर लॉजिक प्रोही आहे. बजेट अगदीच कमी असेल तर रीपर. त्याची ६० दिवसांची पूर्ण चाचणी मिळते, मात्र नाव घेण्यासारखे सिंथ (आवाज घडवणारी सॉफ्टवेअर वाद्यं) त्यात नाहीत, म्हणून जोडीला व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे फुकट सिंथ घ्या. एफएलच्या चाचणी आवृत्तीची मेख लक्षात ठेवा: प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही.

दर सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचे दरवेळी दोन-तीन महिने वाया जातात. किमान दोन वर्षं एकच धरा. क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या, प्लगइनबद्दलही (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांबद्दल) वारंवार विचारणा होते. ते व्हायरस तर आणू शकतातच, शिवाय अपडेटनंतर कधीकधी जुने प्रोजेक्ट उघडत नाहीत आणि वर्षभराचं काम अडकून बसतं.

६. सामान किती लागतं? आधी स्टुडिओ उभारू का?

नको. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप, स्टुडिओ वापराचे वायरचे हेडफोन, २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवण्यासाठी). पहिली दोन वर्षं एवढं पुरतं. ८ जीबीवरही जमतं, फक्त प्रोजेक्टमधले जड थर फ्रीज करत (तात्पुरते ऑडिओत बदलत) जावे लागतात. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य संगणकाला जोडणारं उपकरण) गायन किंवा वाद्य रेकॉर्ड करायचं तेव्हा घ्या.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाहीत. पट्टी दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की तालात वाजवताच येत नाही. वायर लावूनही उशीर जाणवला तर बफर (संगणक एका वेळी किती आवाज तयार ठेवतो) तपासा: ४४,१०० हर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, १,०२४ म्हणजे सुमारे २३. वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्स करताना १,०२४. विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी असिओ हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर निवडा.

मॉनिटर स्पीकरची (स्टुडिओतल्या स्पीकरची) घाई का करू नये, ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. मला संगीतातलं काही येत नाही. उलट, मी पेटी-तबला शिकलोय, तर वेळ वाचेल का?

काही येत नसेल तर सहा महिने जास्त धरा. मेजर-मायनर स्केल, तीन सुरांचा कॉर्ड, चार कॉर्डची आवर्तनं आणि मात्रा मोजता येणं एवढ्यावर हाउस-टेक्नोचं (क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचं) काम चालतं.

शिकलेल्यांचा लय आणि सुराचा वेळ वाचतो, मिक्सिंगचा नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (तालाचं यंत्र) यांच्या साथीवर राग वाजवून एलपी काढली, त्याच टीबी-३०३ वर उभ्या राहिलेल्या शिकागोच्या ॲसिड हाउसच्या कितीतरी आधी. ते हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक होते. यंत्र नवं होतं, संगीत नव्हतं.

पेटीवाल्यांना सुरुवातीला एक गोष्ट अडते: सॉफ्टवेअरमध्ये सगळं सी, डीमध्ये लिहिलेलं असतं. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी चार एफ, काळी पाच ए शार्प. याचा थेट उपयोग बेसमध्ये होतो. पांढरी चारचा सर्वात खालचा कामाचा षड्ज ४३.६५ हर्ट्झवर येतो, पांढरी सहाचा ५५ वर. क्लबसाठीचे बरेच ट्रॅक याच पट्ट्यांत असतात. पांढरी एकमध्ये खाली गेलात तर ३२.७ हर्ट्झ, आणि ते बऱ्याच स्पीकरमधून बाहेरच पडत नाही.

८. आठ बारचा लूप भारी होतो, पुढे काहीच सुचत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. लूप म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती मात्रा. १२८ बीपीएमला आठ बार म्हणजे बरोबर १५ सेकंद. तुमच्याकडे १५ सेकंदांचं काम आहे आणि पाच मिनिटांना १६० बार लागतात. नवीन काही सुचण्याची वाट बघणं हीच इथली चूक. मांडणी बरीचशी आहे त्याच वस्तू काढण्या-घालण्याची असते.

आवडता एक ट्रॅक प्रोजेक्टमध्ये आणा आणि त्याचा वेग सॉफ्टवेअरच्या ग्रिडला (मात्रांच्या उभ्या रेषांना) जुळवा. ऐकत ऐकत मार्कर टाका: किक (ड्रमचा खालचा ठोका) कुठे आली, हायहॅट (झांजेसारखा आवाज) कुठे, बेस कितव्या बारला थांबला, ब्रेक (ताल थांबतो ती जागा) किती लांब. हाउसमध्ये सुरुवातीचे १६ किंवा ३२ बार बहुधा फक्त ताल असतो, कारण डीजेला दोन ट्रॅक जोडायला जागा लागते. आता स्वतःचा लूप १६० बारभर पसरवा आणि त्या मार्करप्रमाणे पुसत जा. तासाभरात सांगाडा उभा राहतो.

त्यानंतर दर आठ बारांना एक छोटा बदल करा: एका मात्रेची किक काढा, फिल्टर (आवाजाचा वरचा किंवा खालचा भाग कापणारं साधन) उघडा, टाळी एका बारपुरती दुप्पट करा. दर १६ ला थोडा मोठा बदल.

तरीही अडलं तर लूपच खोटा आहे का ते तपासा. ३० थर एकदम वाजत असतील तर लूप भरलेला वाटतो, पण काढून बघितल्यावर एकही थर स्वतःच्या पायावर उभा नसतो. किक, बेस आणि एक धून एवढंच वाजवून बघा. ते कंटाळवाणं असेल तर मांडणीने काही सुधारणार नाही. सरळ दुसरा लूप करा.

९. माझा ट्रॅक बाहेरच्या ट्रॅकपेक्षा बारीक का वाजतो?

आधी तुलना सरळ करा. बाहेरचा ट्रॅक मास्टर झालेला, म्हणजे शेवटची पॉलिश देऊन जोरात केलेला असतो. तो प्रोजेक्टमध्ये आणून ६ ते ८ डेसिबल खाली करा, दोन्ही सारख्या जोराने ऐका. जे जोरात वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे ही पायरी गाळली तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

तरीही बारीक वाटला तर दोष बहुधा किक आणि बेसच्या नात्यात असतो. दोन्ही ५० हर्ट्झच्या आसपास एकदम वाजले तर कधी एकमेकांना खातात, कधी उगाच फुगतात. लिमिटर (आवाजाला ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं साधन) त्या फुगवट्याला दाबत बसतो आणि वरचं सगळं संगीत त्याच्यासोबत दबतं. लिमिटर सतत ५-६ डेसिबलपेक्षा जास्त दाबत असेल तर तो बंद करून मिक्सकडे परत या.

बेसवर साइडचेन कॉम्प्रेसर (किक वाजली की बेसला दाबणारा) लावा: रेशो ४ ला १ किंवा जास्त, ॲटॅक शक्य तितका कमी, रिलीज १५० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने. १२८ बीपीएमला दोन किकमध्ये ४६९ मिलिसेकंद असतात. बेस पुढच्या किकच्या बराच आधी पूर्ण उठलेला हवा. पॅड (लांब पसरणारे सूर), धून, गायन यांच्या खालचा नको तो भाग हाय-पास फिल्टरने काढा. मास्टर चॅनेलवर (सगळे आवाज एकत्र येतात तिथे) लिमिटर नसताना पीक, म्हणजे सर्वात मोठा क्षण, उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा.

स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आवाज जुळवतं, म्हणून मास्टर त्याच आकड्यावर थांबवलाच पाहिजे असं नाही. क्लबचे मास्टर बऱ्याचदा उणे ७ ते उणे ९ च्या दरम्यान असतात. तिथवर ट्रॅक न चिरडता नेता येणं हेच प्रश्न १ मधलं शेवटच्या टप्प्याचं काम.

१०. हेडफोनवर छान वाटतं. गाडीत बेस घुमतो, मोबाइलवर गायबच होतो. असं का?

मोबाइलचं कारण सोपं आहे: त्याचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झचे वरचे घटक तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मोबाइल एकच स्पीकर वाजवत असेल तर स्टिरिओत (डाव्या-उजव्या बाजूंत) पसरवलेला बेस स्वतःलाच रद्द करू शकतो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना सारखं) ठेवा आणि मिक्स अधूनमधून मोनोत ऐका.

स्पीकरवर मिक्स करत असाल तर गाडीत घुमण्यामागे बहुधा तुमची खोली असते. १० बाय १० फुटांच्या खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला आवाज अडकून राहतो. खोली चौरस असल्यामुळे दोन्ही बाजूंनी तोच आकडा, आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर तिसऱ्यांदा जवळपास तोच. किक नेमकी तिथेच असते. मधोमध बसलात तर तेवढा आवाज फारसा ऐकूच येत नाही, मग तुम्ही बेस वाढवता आणि गाडी हादरते. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसा. कोपऱ्यांत किमान चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनल लावा. एक इंचाचा टोकदार फोम फक्त वरचा आवाज खातो, बेसला काही करत नाही. हे जमणार नसेल तर हेडफोनवर शिकणं जास्त लवकर होतं.

११. प्रीसेट वापरणं म्हणजे फसवणूक का? सिंथ शिकायलाच हवा?

फसवणूक नाही. पहिलं वर्ष प्रीसेट (सिंथमधले तयार आवाज) वापरा, पण प्रत्येकात किमान तीन गोष्टी बदला: फिल्टर, ॲम्प्लिट्यूडचा एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो), रिव्हर्ब. त्यातूनच सिंथ येतो. मग रिकाम्या पॅचपासून (सिंथच्या कोऱ्या मांडणीपासून) चार आवाज बनवा: सब बेस (अगदी खालचा सूर), प्लक (छेडलेल्या तारेसारखा), पॅड, सुपरसॉ (अनेक तरंगांचा जाड आवाज). ऑसिलेटर (मूळ तरंग देणारा भाग), फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ (आवाजाला सावकाश हेलकावे देणारा तरंग) हा क्रम तीन-चार महिन्यांत बसतो. एफएम सिंथेसिस (एका तरंगाने दुसरा तरंग हलवणं) त्यानंतर.

१२. कोणता प्रकार लवकर जमतो?

१२० ते १२८ बीपीएमचं हाउस सुरुवातीला सोयीचं. टेक्नो दिसायला सोपं, पण दहा मिनिटं एकाच आवाजावर लक्ष टिकवणं अवघड. ड्रम अँड बेस १७४ च्या आसपास चालतं. तिथे ब्रेक (ड्रमवादनाचे तुकडे) कापण्यातच वर्ष जातं.

गोव्यातल्या हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेल्या ट्रान्सचं आजचं रूप, सायट्रान्स, तंत्राने सगळ्यात कठोर म्हणावं लागेल. १४५ बीपीएमला बारच्या एका सोळाव्या भागाला १०३ मिलिसेकंद मिळतात. एक किक आणि तीन बेस नोट अशी साखळी सतत चालते. प्रत्येक बेस नोट पुढच्या ठोक्याआधी संपली पाहिजे आणि दरवेळी तरंगाच्या त्याच बिंदूपासून सुरू झाली पाहिजे, नाहीतर एक ठोका जाड आणि एक पातळ ऐकू येतो. सिंथमध्ये ऑसिलेटरचा फेज रीट्रिगर चालू करा. नवशिक्यांचं अर्धं दुखणं तिथेच मिटतं. फक्त किक-बेस पक्का व्हायला सहा महिने सहज जातात.

१३. ढोल-ताशा, हलगी, संबळ वापरायचे आहेत. ग्रिडमध्ये बसतच नाहीत.

पथकाचं वादन चढत्या लयीत जातं, ते एका वेगाला बांधलं की जीव जातो. पूर्ण रेकॉर्डिंग ताणण्याऐवजी सॉफ्टवेअरचा टेम्पोच रेकॉर्डिंगच्या मागे चालवा किंवा दोन-चार बारचे चांगले तुकडे निवडून फक्त त्यांचा पहिला ठोका ग्रिडला टेकवा. ताशा ताणायचाच असेल तर टाइम-स्ट्रेच (सूर न बदलता वेग बदलणं) ठोक्यांच्या मोडमध्ये ठेवा. गायनासाठीचा मोड लावला की काडीचा फटका फाटतो.

बऱ्याच कोळीगीतांची चाल सहा मात्रांची असते. ४/४ च्या साध्या ग्रिडवर ती लंगडते. ग्रिड ट्रिप्लेटवर (मात्रेचे तीन भाग) करा किंवा टाइम सिग्नेचरच ६/८ ठेवा.

रेकॉर्डिंग करताना ताशाचा पीक उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि माइक दोन-तीन मीटर लांब ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर तो आपोआप आवाज दाबतो, आणि तो दाबलेला आवाज नंतर सुटत नाही. मिक्समध्ये ढोल आणि किक एकत्र असतील तर एकालाच तळ द्या: ढोल ९०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, किंवा ढोल वाजतो तिथे किक काढून टाका. दुसरा पर्याय मिरवणुकीच्या ट्रॅकमध्ये जास्त शोभतो.

१४. मी डीजे आहे, रीमिक्स करतो. मला कमी वेळ लागेल ना?

मांडणीत हो, बराच. गर्दी कुठे थकते हे तुम्हाला ठाऊक असतं. पण तयार गाण्याखाली किक लावण्याची सवय लागली की स्वतःचा बेस आणि धून रचायचं राहून जातं. दोन रीमिक्सनंतर एक संपूर्ण स्वतःचा ट्रॅक, असं प्रमाण ठेवा.

हक्कांचं स्पष्ट आहे: गाण्याची रचना आणि त्याचं ध्वनिमुद्रण हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन वेगळे हक्क आहेत. स्टेम (गायन, ताल, बेस असे सुटे भाग) वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरने आवाज काढून घेतल्याने दोन्हींपैकी एकही तुमचा होत नाही. पारंपरिक ताल कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्याचं दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग असतं.

१५. कोर्स लावू की यूट्यूब पुरेल?

माहिती यूट्यूबवर पुरून उरते. कोर्समधून घ्यायची वस्तू म्हणजे तुमचा ट्रॅक ऐकून चूक दाखवणारा माणूस. पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या किती ट्रॅकवर स्वतंत्र अभिप्राय मिळेल? उत्तर गोलमोल आलं तर पैसे राखा. व्हिडिओ बघताना अर्धा तास बघणं आणि तासभर करणं, यापेक्षा प्रमाण बिघडू देऊ नका.

१६. वय ४५, नोकरी आहे. उशीर झाला का?

नाही. वयानुसार १२-१५ हजार हर्ट्झच्या वरचं ऐकणं कमी होतं, एवढंच. हायहॅट जास्त तिखट होत नाहीत ना, हे स्पेक्ट्रम ॲनालायझरवर ओळखीच्या ट्रॅकशी ताडून बघा. आठवड्याला तीनच तास मिळत असतील तर प्रश्न १ मधले आकडे साधारण अडीचपट धरा.

१७. तीन वर्षं झाली, गेल्या वर्षभरात काहीच सुधारलं नाही.

कान हाताच्या पुढे गेले की असं वाटतं. वर्षापूर्वीचा ट्रॅक उघडून ऐका. खरंच फरक नसेल तर महिनाभर स्वतःचं काही करू नका. एक आवडता ट्रॅक जसाच्या तसा, प्रत्येक आवाजासकट, पुन्हा बांधा. तो प्रकाशित करायचा नाही. जिथे जमत नाही तिथे तुमची उणीव नेमकी सापडते: कोणाचं गाडं स्नेअरवर अडतं, कोणाचं रिव्हर्ब किती खोल ठेवायचा यावर. नवीन प्लगइन विकत घेऊन हा टप्पा ओलांडलेला माणूस विरळा.

१८. एआय मिनिटात गाणं देतं, मग कशाला शिकायचं?

फक्त पार्श्वसंगीत हवं असेल तर शिकू नका. दिलेल्या गाण्याचा बेस बदलायचा, ब्रेक लांबवायचा, क्लबच्या साउंडवर उभा करायचा असेल, तर वरचं सगळं लागतंच.

१९. पैसे कधी मिळू लागतील?

स्ट्रीमिंगमधून फार उशिरा, आणि थोडे. दोन-तीन वर्षांच्या कौशल्यावर जाहिरातीची जिंगल, नाटक-एकांकिकेचं संगीत, दुसऱ्यांच्या ट्रॅकचं मिक्सिंग ही कामं आधी येतात. वितरकाकडून (स्ट्रीमिंगवर गाणी चढवणाऱ्या सेवेकडून) प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) घ्या आणि रचनाकार म्हणून आयपीआरएसचं (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्या. २४ बिटची डब्ल्यूएव्ही, वेगळे काढलेले स्टेम आणि प्रोजेक्ट फाइल हे तिन्ही दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. जाहिरातवाल्यांचा "आवाज काढून फक्त संगीत द्या" असा फोन सहा महिन्यांनी येतो, आणि तोवर निम्मे प्लगइन बदललेले असतात.